दोन दरवाज्यांची राजधानी

माणसानं बढाई जरूर मारावी. पण ज्याच्यापुढे मारली तो एक दिवस गाडीत बसून आपल्या दारात उभा राहू शकतो, एवढं भान ठेवावं. हवालदार जोतीरामला हे भान एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आलं नाही. आलं ते पेन्शनीत बसल्यावर, चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीच्या सुमाराला, पोस्टमननं एक टाईप केलेलं पत्र हातात दिलं तेव्हा.

जोतीराम वाळव्याकडच्या एका उसाच्या गावचा. तो भरती झाला तेव्हा त्या मुलखाला दक्षिण सातारा म्हणत. पुढे सरकारनं त्याचा सांगली जिल्हा केला, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पण जोतीराम काही बदलला नाही. पलटणीत कुणी गाव विचारलं की छाती काढून सांगायचा, "सातारा. मराठ्यांची राजधानी!" आता या गड्यानं सातारा पाहिला होता किती? एकदा भरतीचं मैदान, एकदा दवाखाना आणि एकदा स्वतःच्या लग्नाचा मांडव. आमच्याकडे साताऱ्याला माणूस जातो तो कामाला. बघायला म्हणून कोण जातंय? आपल्याच घरातलं आपण काय बघायचं!

त्याची बायको मनुबाई मात्र अस्सल साताऱ्याची, मंगळवार पेठेतली. तिचा बाप नानासो टांगा हाकायचा. परगावचं गिऱ्हाईक आलं की राजवाडा, तळी, माहुलीची देवळं असं दिवसभर फिरवायचा आणि घोड्याच्या टापांबरोबर त्याचं तोंडही चालू असायचं. मनुबाई लहानपणी त्याच्या पायाशी बसून ते सगळं ऐकत मोठी झाली. सासरी येऊन वीस वर्षं झाली तरी कुठल्याही गोष्टीत "आमच्या साताऱ्यात" असं तोंडातून निघायचंच. जावा हसायच्या. हसेनात! साताऱ्याची पोर ती, हसण्यानं थोडीच विरघळणार?

तर पत्र होतं मेजर गुरबचन सिंगांचं. जोतीराम त्यांच्याच हाताखाली होता. साहेब पंजाबचे, पण मराठ्यांच्या पलटणीत उमर गेलेली, म्हणून पत्रसुद्धा मराठीत. जोतीरामनं ते ओसरीवर मोठ्यानं वाचायला घेतलं आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. साहेबांनी लिहिलं होतं, की बर्फात शेगडीभोवती बसून तू जी राजधानी मला सांगितलीस ती आता मला बघायची आहे. ते किल्ल्याचे सात दरवाजे, राजवाड्याच्या दारातले दोन दगडी हत्ती आणि गडावरची ती सोन्याची गादी. एकवीस तारखेला साताऱ्यात येतो. एक दिवस मला दे.

"सोन्याची गादी?" मनुबाईनं परात खाली ठेवली. "कुटं बघितली तुमी?"

"आगं, बर्फात बोलून गेलो," जोतीराम म्हणाला. "एक गडी त्याच्या गावचं सोन्याचं कळस सांगायचा, दुसरा राजाचं म्हाल सांगायचा. मग म्या काय उसाचं गुऱ्हाळ सांगू व्हय?"

"आन हत्ती? आन सात दरवाजं?"

"चुकलं ना गं. आता काय करू त्ये सांग."

त्याचा चेहरा पाहून मनुबाईला हसूही येईना. तिला ठाऊक होतं, हा माणूस पलटणीत कशासाठी नावाजलेला होता. टेकडीच्या शेंड्यावर पालथं पडून समोरच्या मुलखाची खबर खाली साहेबांना द्यायची, हे त्याचं काम. दिसलं तेवढंच सांगायचं, न दिसलं ते सांगायचं नाही. त्याच्या एका शब्दावर साहेब माणसं पुढे घालायचे. त्या शब्दाची लाज आता साताऱ्याच्या चव्हाट्यावर जाणार होती.

"माझा शबुद जातुया, मने," तो म्हणाला. "बाकी काय बी जाऊं दे."

एकवीस तारखेला दोघं पहिल्या गाडीनं साताऱ्याला आली आणि पोवई नाक्यावर उभी राहिली. जोतीरामनं कोट घातला होता, त्यावर पदकं लावली होती. मनुबाईनं इरकली लुगडं नेसून भडंगाचा डबा बरोबर घेतला होता. साडेनवाच्या सुमाराला पुण्याकडून एक जीप आली. ड्रायव्हर उतरला, मागे वळला आणि त्यानं हात धरून एका उंच सरदारजींना खाली घेतलं. पगडी कडक, दाढी नीट बांधलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पांढरी काठी.

"काय रं जोतीराम, कुटं उभा हायस?" साहेबांनी हवेतच विचारलं. जवानांकडून शिकलेलं त्यांचं मराठी असं आपल्या मातीतलं होतं. "एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग फुटला, गड्या. जीव वाचला, डोळं गेलं. पत्रात लिवलं न्हाई. लिवलं असतं तर तू नुसता रडत बसला असतास."

जोतीराम खरंच रडला. रस्त्यात, माणसांदेखत, साहेबांचे दोन्ही हात धरून रडला. साहेबांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि गाल बसले म्हणून त्याला रागावले. मनुबाईनंही डोळ्यांना पदर लावला. पण पदर काढला तेव्हा तिला नवऱ्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी दिसलं. वीस वर्षं ज्या तोंडापुढे भाकरी वाढली ते तोंड काय तिला वाचता येत नव्हतं? जोतीरामला सुटल्यासारखं झालं होतं. साहेबांना दिसत नाही! म्हणजे हत्ती आहेत, गादी आहे, सगळं जिथल्या तिथं आहे.

राजवाड्यापुढे जीप थांबली. जोतीराम साहेबांचा हात धरून उभा राहिला आणि बोलत सुटला. "साहेब, आता आपुन दरवाज्याम्होरं हाय. दोनी अंगाला दगडी हत्ती. सोंड वर केल्याली."

"हात लावू दे की रं."

"लय उंच हाईत साहेब. चौथऱ्यावर. हात पोचायचा न्हाई."

तेवढ्यात आतून पोरांचा पाढे म्हणायचा कल्ला ऐकू आला, कारण राजवाड्यात शाळा भरत होती. साहेबांनी कान टवकारले. "आन ही पोरं?"

"ती आपली... सरदार-दरकदारांची," जोतीराम म्हणाला आणि त्याला घाम फुटला.

मनुबाई दोन पावलं मागे चालत होती आणि आतल्या आत जळत होती. खोटं बोलला याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग दुसरा होता. अरे बाबा, हाताशी सागवानाचे खांब आहेत, माणसाच्या कवेत न मावणारे. त्यावर साहेबांचा हात ठेव की! ज्या दारातून छत्रपतींची स्वारी निघायची त्या दारातून आज टांगेवाल्याचं पोर पाटी घेऊन आत जातं, हे सांग की! माझं गाव काय इतकं दरिद्री आहे, की त्याला उसने हत्ती आणावे लागतात? पण परक्या माणसापुढे, त्यातून नवऱ्याच्या साहेबापुढे, नवऱ्याला खोटं पाडायचं कसं?

दुपारी जीप रस्ता संपेपर्यंत गेली आणि ड्रायव्हर झाडाखाली आडवा झाला. तिथून अजिंक्यतारा किल्ल्याची वाट पायी चढायची. साहेबांनी एक हात जोतीरामच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातात काठी. चढताना त्यांनी एकदाही दम खाल्ला नाही. दम लागला तो जोतीरामला, आणि तो काही चढामुळे नव्हे.

पहिला दरवाजा आला. साहेबांनी चौकटीच्या दगडावरून हात फिरवला. दगड गार होता. त्याच्या कोपऱ्याला चार बोटं बसतील एवढी खाच होती, तिच्यात साहेबांची बोटं क्षणभर थांबली. "एक," ते खुशीत म्हणाले. मग वळण घेऊन दुसरा दरवाजा. "दोन."

खरं म्हणजे तिथं मोजणी संपत होती. जोतीराम थबकला. पुढे झुडपं, गवत आणि आभाळ. त्यानं मागे वळून मनुबाईकडे पाहिलं, आणि मग त्यानं जे केलं ते शहाण्या माणसानं करावं असं नव्हतं. तो साहेबांना घेऊन वळला आणि त्याच दोन दरवाज्यांतून खाली बाहेर आला. "तीन. चार. हितं जरा उतार हाय साहेब." बाहेर येऊन गोल फिरला आणि पुन्हा आत निघाला. सरपणाची मोळी घेऊन उतरणारी एक बाई या तिघांकडे टकामका बघत राहिली. मनुबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी तीही त्यांच्यामागून गेली.

"पाच," जोतीराम म्हणाला.

साहेबांनी चौकटीवर हात ठेवला. हात खाली सरकला आणि खाचेत त्यांची चार बोटं बरोबर बसली. ते जागीच थांबले.

"मगाशी ऊन डाव्या गालावर हुतं," ते सावकाश म्हणाले. "मग उजव्या गालावर आलं. आता परत डाव्या. आन ही खाच म्या पयल्या दरवाज्याला धरली हुती." त्यांनी तोंड मागे वळवलं. "वहिनी, तुमी सांगा. किती दरवाजं हाईत?"

मनुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. जोतीरामची मान खाली गेली होती आणि कोटावरची पदकं हलत होती. एका बाजूला नवऱ्याची अब्रू, दुसऱ्या बाजूला एका आंधळ्या माणसाचा विश्वास.

"ह्या अंगाला दोन," ती म्हणाली. "मागल्या अंगाला एक."

"हत्ती?"

"न्हाईत."

"गादी?"

"न्हाई, साहेब. जोतं हाय नुसतं. गवात वाढलंय."

जोतीराम साहेबांच्या पायांकडे वाकला, पण साहेबांनी त्याला वरच्या वर धरलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत.

"डोळं गेल्यापासून समदी माझ्याशी लय गोड बोलत्यात," ते म्हणाले. "बायकू म्हंती, बागंत गुलाब आलाय; मला वास येत न्हाई. पोरगा म्हंतो पास झालो. आवाजावरनं कळतं न्हाई झाला. म्हटलं, दुनियेत एक माणूस असा हाय, दिसतंय तेवढंच सांगणारा. म्या त्याच्या शब्दावर पोरांचं जीव टाकल्यात. त्याच्याकडं जावं, एक दिवस खरं ऐकावं. राजधानीसाठी न्हाई आलो, जोतीराम. त्यासाठी आलो." त्यांनी काठी टेकली. "चल, खाली सोड मला."

जोतीराम खालमानेनं उतरणीकडे वळला. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवायला लागले, आणि तिथं मनुबाईचा संयम संपला. ती दोघांच्या पुढे जाऊन वाट अडवून उभी राहिली.

"कुटं निगालासा?" ती म्हणाली. "माझं गाव न बघता? साहेब, तुमी थोर माणूस, पर माज्या गावाला खोटं समजून तुमाला खाली उतरू द्यायची न्हाई. खोटं ह्यांनी सांगितलं. गावानं काय केलंय? आन माझी बी चूक हाय. सकाळधरनं गप ऱ्हायले." मग ती नवऱ्याकडे वळली. "आन तुमी! मान खाली घालून काय जमिनीत शिरतासा? पलटणीत टेकडीवर बसून काय करत हुता? त्येच करा. दिसतंय त्ये सांगा. त्येचं नाव काय त्ये म्या सांगते."

जोतीरामनं मान वर केली. बायकोकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब हलले नव्हते. वाऱ्यानं त्यांच्या दाढीचे केस हलत होते तेवढेच.

"तटावर घ्या त्यास्नी," मनुबाई म्हणाली.

गडाच्या उत्तरेच्या तटावर तिघं आली. खाली अख्खा सातारा उन्हात पसरला होता. जोतीरामनं कोटाची बटणं लावली, टाचा जुळवल्या आणि घसा साफ केला. आवाज फुटला तेव्हा मनुबाई चमकली. हा आवाज तिनं घरात कधी ऐकलाच नव्हता.

"तोंड उत्तरंला, साहेब. डावीकडनं उजवीकडं. आदी जवळचं, मग लांबचं. दहा वाजता, दोन मैल, सपाट माथ्याचा डोंगर. झाडी कमी. वर देऊळ."

मनुबाई दोन वाजून गेले असं सांगणार होती, पण साहेबांचा हात आपोआप समोर बाराच्या रोखानं उठलेला आणि तिथून डावीकडे सरकलेला पाहून तिला उमगलं, हे घड्याळाचे आकडे वेळेचे नव्हेत, दिशेचे. "यवतेश्वर," ती म्हणाली. "तितनं खापराच्या नळानं गावात पाणी आणलं हुतं म्हाराजांनी. माज्या आईनं त्या पाण्याचा हंडा डोक्यावर वाहिलाय."

"पुढं," साहेब म्हणाले. आवाज अजून कोरडाच होता.

"अकरा वाजता. खाली, पाऊण मैल. मोठा वाडा, कौलारू छप्पर. म्होरं मैदान. मैदानात पोरं."

"मगाचाच राजवाडा," मनुबाई म्हणाली. "हत्ती न्हाई, पर खांब असं हाईत की माणसाच्या मिठीत येत न्हाईत. उतरल्यावर तुमच्या हातानं बघा. आन ती पोरं शाळंची. राजाच्या घरात समद्या गावाची पोरं शिकत्यात, साहेब. कुणाच्या राजधानीत असं हाय, सांगा मला!"

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "पुढं. फासला नीट सांग, जोतीराम. नुसतं पाऊण मैल न्हाई."

"तेराशे यार्ड, साहेब!"

आणि मग जोतीरामला रंग चढला. बारा वाजता दाट वस्ती, पेठांचे सरळ रस्ते, एक चौकोनी तळं, तळ्यात पाणी निम्मं. पलीकडे नदी, झाडांची रांग. लांब, पुसट, दोन जुळे डोंगर. एक वाजता उंच डोंगर, एकटा. दोनच्या पुढे, तीन मैलांवर दोन पाण्याच्या रेघा एकत्र होतात, तिथं देवळांचे कळस. तो एक शब्द जास्त बोलत नव्हता आणि एक कमी बोलत नव्हता. त्याच्या प्रत्येक वाक्यामागून मनुबाई नाव घालायची: वेण्णा, चंदन-वंदन, जरंडा, संगम माहुली. तिथं शाहू महाराजांची समाधी आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही. साहेब मधूनच सवाल टाकायचे, कधी पुन्हा सांग म्हणायचे, आणि त्यांचा हात हवेत एकेक ठिकाणी थांबायचा.

"तीन वाजता, जवळ, तटाचा बुरूज," जोतीराम म्हणाला. "वरचा भाग नवा वाटतुया. पायथ्याला दगड सांडल्यात."

"मंगळाईचा बुरूज त्यो," मनुबाई म्हणाली, आणि तिला बापाचा टांगा, घोडा, सगळं आठवलं. "औरंगजेब पातशा सोता खाली डेरा टाकून बसला हुता. सुरुंग लावला, बुरूज उडवला, तर त्यो कोसळला त्याच्याच माणसांवर. चार-साडेचार महिनं ह्यो गड झुंजला. आन त्यो पातशा हितल्या मातीतच गेला, पर त्याला काय दिल्ली परत दिसली न्हाई. मग शाहू म्हाराजांना अभिषेक झाला आन हितनं हुकूम सुटायला लागलं. हितनं चिठी गेली की घोडी पार अटकंला पाणी प्यायला जायची."

"अटक?" साहेब म्हणाले. "म्हंजे आमच्या मुलखावरनंच की!"

"व्हय तर. तुमच्याच दारावरनं."

साहेब हसले. सकाळपासून पहिल्यांदा खदखदून हसले आणि त्यांनी जोतीरामच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याची पदकं वाजली. मग ते गंभीर झाले. "आन गादीची जागा? कुटं हाय ती? खरं सांग."

"पाठीमागं, साहेब. सहा वाजता, शंभर यार्ड. वाड्याचं पडकं जोतं. कमरंएवढी भित शिल्लक. गवात वाळल्यालं. एक शेरडू चरतंय." जोतीराम इथं थांबला नाही. "सोनं न्हाई. कवाच नव्हतं, साहेब. खबर संपली."

साहेबांनी मान हलवली. "ही खबर बराबर हाय," ते म्हणाले. "सोन्याचं तवा बी खरं वाटलं नव्हतं, गड्या. पर दगडासाठी जे चार महिनं मरत्यात त्यांचं मला ठावं हाय. म्या त्यांच्यात ऱ्हायलोय." त्यांनी काठी मनुबाईच्या हातात दिली, पगडी सारखी केली आणि ताठ उभं राहून साताऱ्याला कडक सलाम ठोकला.

पण बोलण्याच्या नादात ते पार फिरले होते. त्यांचं तोंड झालं होतं पश्चिमेला, गडावरच्या रिकाम्या माळाकडे. जोतीराम शेजारी सलामीत असा ताठला होता, की साहेबांना हात लावायची त्याची छाती होईना. मग मनुबाईनं काठी काखेत मारली. त्या परक्या, सहा फुटी सरदाराचे दोन्ही खांदे तिनं आपल्या हातांनी धरले आणि एखाद्या थोरल्या भावाला देवापुढे उभं करावं तसं त्यांना हळूच वळवलं. यवतेश्वरापासून माहुलीपर्यंत सगळा सातारा त्यांच्यासमोर आला.

"हां," ती म्हणाली. "आता करा, दादा."

तिचा ऊर अभिमानानं असा भरून आला की तिला पुढचं दिसेना. साहेबांचा हात खाली यायला बराच वेळ लागला, आणि तोवर तिनं त्यांचे खांदे सोडले नाहीत.